नववे कारण

एखादी गोष्ट दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा मिळतो? देवाधर्माच्या चर्चेत हा प्रश्न हमखास निघतो आणि दोन्हीकडची माणसे तो घाईने निकालात काढतात. एक म्हणतो, दिसत नाही ना, मग नाही. दुसरा म्हणतो, तुझी तेवढी पात्रता नाही. पहिल्याचे उत्तर अपुरे आहे आणि दुसऱ्याचे उद्धट. मी कोरेगावात हायस्कूलला संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर या प्रश्नाशी पुन्हा बैठक मारायची वेळ आली ती एका जुन्या दहा इंची लॅपटॉपमुळे, म्हणून त्याची हकिकत आधी सांगते.

हे छोटे लॅपटॉप २००७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत बाजारात खूप आले होते. नेटबुक म्हणत त्यांना. माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून येताना आणलेले नेटबुक त्याच काळातले. अ‍ॅटम प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीची देखभाल बंद झाली आणि ते कपाटात गेले. पुन्हा बाहेर काढले ते मराठी विश्वकोशासाठी. वीस खंड ठेवायला घरात जागा नाही, विश्वकोश इंटरनेटवर वाचता येतो, आणि फोनवर लांबलचक नोंद वाचून डोळ्यांना पाणी येते. शिवाय वाचता वाचता टिपणे काढायची तर मला हाताखाली कीबोर्ड लागतो. स्टँडजवळ दुरुस्तीचे दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी ते उलटसुलट करून म्हणाला, "बाई, मशीन ठणठणीत आहे. टाकून कशाला देता? लिनक्स घालू." इतक्या जुन्या, ३२ बिटी प्रोसेसरवर चालेल असे लिनक्स आता फार थोडे उरले आहे. त्याने डेबियन १२ घातले. पडदा उजळला, अक्षरे आली, आवाज आला. वायफाय मात्र आले नाही.

आता सांख्याकडे येते. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका साधारण चौथ्या-पाचव्या शतकातली. तिच्या सातव्या कारिकेत, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे दिली आहेत. वस्तू फार लांब असते, फार जवळ असते, आपले इंद्रिय निकामी झालेले असते, मन ठिकाणावर नसते, वस्तू फार सूक्ष्म असते, मधे आडोसा येतो, दुसऱ्या प्रबळ वस्तूपुढे ती लोपून जाते, किंवा तिच्याचसारख्या वस्तूंत ती मिसळून जाते. हीच आठ कारणे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहेत, आणि पतंजलीच्या महाभाष्यात अशीच सहा आहेत. वैद्य, वैयाकरण आणि तत्त्वज्ञ या तिघांनाही या यादीची गरज पडली, यातच तिची योग्यता कळते. टीकाकारांची उदाहरणेही मोठी बोलकी. डोळ्यातले काजळ डोळ्याला दिसत नाही. दिवसा तारे असतात पण सूर्यापुढे लोपतात. मुगाच्या राशीत पडलेला मुगाचा दाणा हुडकून काढता येत नाही. वर्गात मी मुगाऐवजी घेवडा सांगायची. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी वाघ्या घेवड्याच्या राशी खळ्यावर पाहिलेल्या असत, त्यांना दुसरे काही सांगावे लागत नसे.

ही यादी हाती धरून वायफायची दुरुस्ती करता येते, हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. जुन्या वाड्याच्या हातभर जाडीच्या दगडी भिंतीपलीकडे राउटर असेल तर आडोसा. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, ओव्हन चालू झाला की राउटरचा आवाज त्यात लोपतो. गल्लीतले सगळे राउटर एकाच चॅनलवर बोलू लागले की घेवड्याची रास. नेटबुकच्या कडेला एक बारीक सरकते बटण होते, ते बंद असले की आतले वायफाय कार्डच गप्प होते. ते तर आम्ही पहिल्याच बैठकीत सरकवले होते.

मन ठिकाणावर नसणे हे चौथे कारण मात्र मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले. विद्यार्थ्याने एक आज्ञा टंकून यंत्राला विचारले, तुझ्यात काय काय आहे? उत्तरात वायफाय कार्डाचे नाव स्वच्छ आले. कार्ड होते, त्याला वीज मिळत होती, अँटेनाची तार पडद्याच्या कडेने वर गेलेली होती. तरीही कार्डाला काही कळत नव्हते, कारण कार्ड आणि यंत्र यांच्यामधले सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तेच नव्हते. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानासाठी डोळा आणि घट समोरासमोर असून भागत नाही. मनाचा इंद्रियाशी आणि आत्म्याचा मनाशी संयोग व्हावा लागतो. मी हे वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. मन नसलेले इंद्रिय कसे असते ते त्या दिवशी दुकानातल्या टेबलावर दिसले.

त्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या मालकीचा. डेबियनच्या मूळ संचात तो देता येत नाही, इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. (अशा काही चिपांची माहिती कंपन्यांनी उघड केली नाही, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यांचे काम बाहेरून निरखून स्वतःचे ड्रायव्हर लिहिले. एका गटाने निरीक्षणे लिहून काढायची आणि दुसऱ्याने ती वाचून ड्रायव्हर घडवायचा, अशी शिस्त पाळून. ज्ञानासाठी केलेल्या अशा कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे.) पण म्हणजे झाले काय, तर इंटरनेट मिळवायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला इंटरनेट हवे.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात न्यायदर्शनाच्या पंडितांना नेमके इथेच गाठले होते. तुम्ही म्हणता सगळे ज्ञान प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होते, मग ती प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्याला अंत नाही. न्यायसूत्रांमध्ये याच आक्षेपाला तराजूचा दाखला देऊन उत्तर दिले आहे. तराजूने माल तोलतात आणि वेळ आली की तराजूही तपासता येतो. एकाच वेळी सगळ्याच साधनांवर शंका घेता येत नाही. एका साधनावर पाय रोवून दुसरे तपासायचे, मग दुसऱ्यावर उभे राहून पहिले. विद्यार्थ्याने तेच केले. दुकानातली नेटवर्कची केबल नेटबुकला लावली आणि त्या वाटेने ड्रायव्हर आणला. तो घडवून बसवताना नेटबुकचा तळ चांगलाच तापला आणि आमचा चहा पिऊन झाला. मग उजव्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली आणि दुकानाचे नेटवर्क लगेच लागले.

घरी आणले, आणि खरी गंमत घरी होती. नेटबुकच्या यादीत शेजाऱ्यांची नेटवर्के दिसली, समोरच्या क्लासचे दिसले. माझ्या घरातल्या, दोन हातांवर दिवा लुकलुकत असलेल्या राउटरचे नाव तेवढे नव्हते. फोनवर तेच नाव सगळ्यांत वर, पूर्ण ताकदीनिशी. मी आठही कारणे एकेक करून पाहिली. लांब नाही, आडोसा नाही, इंद्रिय शाबूत आहे, मन जागेवर आहे, कारण बाकीची नेटवर्के दिसताहेत. ओव्हन माझ्याकडे नाहीच. आठांपैकी एकही लागू पडेना.

विद्यार्थी घरी आला, राउटरच्या पानावर गेला आणि म्हणाला, "बाई, हा १३ नंबरच्या चॅनलवर बसलाय." भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल वापरायला मोकळीक आहे. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणे साधारणपणे १ ते ११ एवढीच वापरतात. नेटबुक न्यू जर्सीचे, कार्डात देशाची नोंद अमेरिकेची, आणि कंपनीचा ड्रायव्हर ती नोंद पाळणारा. त्यामुळे बाराव्या-तेराव्या चॅनलकडे ते कार्ड कान देतच नव्हते. राउटर सहा नंबरवर आणला, आणि यादीत नाव आले.

त्या रात्री मी टिपणवहीत लिहिले की ईश्वरकृष्णाच्या यादीला एक नववे कारण जोडायला हवे: पाहायला मनाई असणे. डोळा चांगला, वस्तू समोर, मन सावध. पण जिथे घडलो तिथे कुणी तरी सांगून ठेवले आहे की तिकडे बघायचे नाही. आणि या कारणाचा सगळ्यांत घातक भाग असा की ते स्वतःला प्रकट करत नाही. मला तेराव्या चॅनलकडे पाहायची परवानगी नाही, असे कार्ड सांगत नव्हते. ते सरळ यादी देत होते, आणि यादीत नाव नव्हते. मनाई ही अभावाचे रूप घेऊन समोर येते.

अभाव कळतो कसा, यावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झाला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घडा नाही हे मला घडा न दिसण्यावरून कळते. पण त्याला अट आहे. घडा असता तर दिसलाच असता, एवढी परिस्थिती अनुकूल असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही याने काहीच ठरत नाही. बौद्ध धर्मकीर्तीनेही दिसण्याजोग्या वस्तूच्या न दिसण्यालाच प्रमाण मानले. वाई आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला, तेव्हा ही चर्चा काशीची आणि मिथिलेची तेवढीच सातारा जिल्ह्याचीही आहे.

आता देवाकडे. हल्ली सप्ताहात वायफायचा दृष्टान्त बऱ्याच कीर्तनकारांच्या तोंडी असतो. देव वायफायसारखा सगळीकडे भरून आहे, दिसत नाही, नामाचा पासवर्ड टाका म्हणजे जोडले जाल. टाळ्या पडतात. मी नाम घेते, आईकडून ते आले. गोंदवल्याला आम्ही लहानपणापासून जातो, आणि ब्रह्मचैतन्य महाराजांचा नामाचा आग्रह मला आजही पुरतो. म्हणूनच हा दृष्टान्त अर्धवट सोडलेला मला चालत नाही. वायफाय दिसत नसले तरी आहे, हे मी कशावरून मानते? शेजारणीच्या फोनवर दिसते, विद्यार्थ्याच्या फोनवर दिसते, राउटरची वायर काढली की सगळ्यांचेच जाते. ज्याला विश्वास नाही त्याच्याही यंत्रावर ते चालते. देवाबाबत असा दाखला कीर्तनात कुणी देत नाही. सूक्ष्म आहे म्हणून दिसत नाही, असे सांख्यांनीही म्हटले, पण ते मूळ प्रकृतीविषयी, आणि त्याच कारिकेत तिच्या कार्यावरून ती ओळखावी असे सांगून त्यांनी जबाबदारी उचलली. ईश्वर तर ईश्वरकृष्णाच्या तत्त्वांच्या गणतीत येतच नाही. मॅक्सवेलने १८६५ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे गणित मांडले, ते लोकांनी खरे मानले हर्ट्झच्या प्रयोगशाळेत पुढे वीस-बावीस वर्षांनी ठिणगी उडाल्यावर. सूक्ष्माचा दावा करणाऱ्याने कार्य दाखवावे, ही अट मला रास्त वाटते.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच मागत होते. १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात ते गावोगाव फिरले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. पुरावा मागणारा माणूस धर्माचा शत्रू असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच दर्शनांचे पहिले प्रकरण वाचलेले नाही. अनेक दर्शने आधी प्रमाणांचा निवाडा करतात आणि मगच तत्त्वांकडे वळतात.

मग देवाचे कार्य कोणते? माझे उत्तर वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईचे आहे. देव सगळ्या भूतांत आहे असे म्हणणाऱ्याच्या वागण्यात समोरच्या माणसाची ओळख पटलेली दिसली पाहिजे. तेवढी एकच ठिणगी मला तपासता येते. आणि तपासायला गेले की नववे कारण आडवे येते.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्यात राहणारा, दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर आपल्या थोरल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनात त्या गावाचे नाव कोरेगाव असे छापले आहे. ते तालुक्याचे आमचे कोरेगाव नव्हे, पण मुलांची आगगाडी आमच्याच कोरेगाववरून पुढे मसूरला गेली. नवे कपडे घातलेली, नीटनेटकी मुले मसूरला उतरली. निरोप न पोचल्याने न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आला, आणि मुलाच्या तोंडून जात निघताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, अशा बोलीवर एक तयार झाला. डब्यात जेवण होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही, म्हणून मुले रात्रभर उपाशी राहिली.

त्या स्टेशनमास्तराचे डोळे चांगले होते. क्षणभरापूर्वी त्याला त्याच मुलांत मुले दिसली होती. लांब, जवळ, आडोसा, अंधार, यांतले काही मधे आले नाही. मनाई आली. कदाचित तोही घरी हरिपाठ म्हणत असेल. सर्वांभूती देव हे त्याला पाठ असेल आणि मसूरच्या फलाटावर त्याला तो दिसला नसेल, कारण त्या चॅनलकडे पाहायचेच नाही हे त्याच्यात आधीच लिहून ठेवलेले होते. त्याला विचारले असते तर त्याने मनाईचे नाव घेतले नसते. इथे पाहण्यासारखे काही नाही, असेच त्याने सांगितले असते.

कार्डातली नोंद कार्डाला स्वतःला बदलता येत नाही. माणसाला ती बदलता येते, हा माझ्या दृष्टीने फार मोठा फरक आहे, आणि त्याचा दाखलाही वाईचाच आहे. प्राज्ञपाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नात महात्मा गांधींना शास्त्राचा आधार पुरवला. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचे पौरोहित्य त्यांनी केले. ज्या ग्रंथांतून मनाई आली असे लोक सांगत होते, ते ग्रंथ ज्याला पूर्ण येत होते त्या माणसाने ती उठवली. पुढे मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तेच झाले. नेटबुक सुरू झाल्यावर मी आधी त्यांच्या विश्वकोशातली ‘अभाव’ या विषयाची नोंद शोधायला बसले.

देव आहे की नाही, यावर माझ्यापाशी शेजारणीच्या फोनसारखा दाखला नाही आणि तसा तो आहे असे मी कुणाला भासवणार नाही. नाम मी घेत राहीन. पण जो मला दिसत नाही म्हणून नाही असे म्हणतो, त्याला मी विचारीन की असता तर दिसलाच असता अशी तुझी तयारी आहे का. आणि जो मला दिसतो असे म्हणतो, त्याला विचारीन की मग मसूरच्या फलाटावर कुणाला का दिसला नाही.

सप्ताहात वायफायचा दृष्टान्त देणाऱ्या महाराजांना माझी हात जोडून विनंती आहे. दृष्टान्त जरूर द्या, गावातल्या पोरांना तो लगेच कळतो. पण पासवर्डापाशी थांबू नका. तेराव्या चॅनलची गोष्टही सांगा, आणि त्याच कीर्तनात मसूर स्टेशनावरच्या त्या मुलांची सांगा.